पणजोबांचे वडील खरंच टिळकांच्या वर्गात होते का? (घर सोडून पुण्यात शिकणाऱ्या मुलाची जमाखर्चाची वही)

गुहागरी_वारा

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आमच्या घरात लहानपणापासून ऐकत आलोय की पणजोबांचे वडील (आम्ही त्यांना 'थोरले आबा' म्हणतो) कोकणातून पुण्याला डेक्कन कॉलेजात शिकायला गेले आणि तिथे टिळकांच्या वर्गात होते. आजी तर म्हणायची, शेजारीच बसायचे. गेल्या महिन्यात माळा आवरताना जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात एक लांबट वही सापडली. मोडीत आहे. आतेभावाला थोडी मोडी येते, त्याने एका पानाचं असं वाचन केलं:

खानावळ ४॥ रुपये
तेल ६ आणे
कार्डे ४, एक आणा
वहाणा शिवणे १ आणा
पुस्तक ४ आणे
वहाणा शिवणे १ आणा
ओवाळणी ४ आणे

वर 'कालेज फी' असं काहीतरी आहे, पण आकडा वाळवीने खाल्लाय. महिना कार्तिक. साल फाटलंय.

प्रश्न दोन. एक, हे पान कधीचं हे यावरून कळेल का? आणि दुसरा मला जास्त छळणारा. आई-वडिलांपासून दूर असलेलं सतरा-अठरा वर्षांचं पोर तेव्हा नेमकं जगायचं कसं? कुठे जेवायचं, घरी काय कळवायचं? तुमच्याकडच्या गोष्टी सांगा.

शून्य_मार्क

पुण्यात ज्याच्या घरी जुना वाडा आहे त्याचे खापरपणजोबा टिळकांच्या शेजारी बसायचे. तो बाक केवढा लांब असेल याचा कुणीतरी हिशोब करा.

निशिगंधा७

@शून्य_मार्क 😂 आमचे तर टिळकांना गणितात मदत करायचे म्हणे.

पेठेतला

धागा मस्त. आधी सोपं काम करू. टिळकांनी १८७३ मध्ये डेक्कन कॉलेजात नाव घातलं, १८७७ ला बी. ए., १८७९ ला एलएल. बी. म्हणजे शेजारी बसायचं तर याच सहा-सात वर्षांत. पहिलं वर्ष गडी तालमीत आणि नदीवर घालवत होता, त्यामुळे वर्गात शेजारी बसायला तो सापडला असता का हाही प्रश्नच. दोस्तांनी नावं ठेवली होती 'मिस्टर ब्लंट' आणि 'डेव्हिल'.

टपालहंशील

@गुहागरी_वारा, तुमच्या पानावरच उत्तराची सुरुवात आहे. 'कार्डे ४, एक आणा'. म्हणजे एक कार्ड पाव आण्याला, तेव्हाच्या भाषेत एका पैशाला. आपल्याकडे पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ ला, पाव आणा दराने. त्याआधी घरी पत्र धाडायचं तर अर्धा आणा पडायचा. तेव्हा पान कार्तिक १८७९ च्या आधीचं असू शकत नाही.

टिळकांचं कॉलेज १८७९ अखेर संपलं. तुमच्या थोरल्या आबांना शेजारी बसायला फार तर एखादा महिना मिळतो.

गुहागरी_वारा

अरे देवा. @टपालहंशील, हे आईला कोण सांगणार?

अकोलेकर

वर्ग राहू द्या, जेवणाचं बोला. आमच्या अकोल्याचा अभिमान म्हणजे आगरकर. जन्म कराडजवळ टेंभूचा, १८५६. शिकायला मुलगा कराड, रत्नागिरी असा फिरत शेवटी अकोल्याला आला, १८७५ ला मॅट्रिक झाला. हेडमास्तर विष्णु मोरेश्वर महाजनी पाठीशी उभे राहिले म्हणून पुण्याचं कॉलेज दिसलं. अंगात एकच सदरा. रात्री धुवायचा, वाळत टाकायचा, सकाळी तोच. आता विचार करा, पुण्याच्या जुलैत रात्रभरात सदरा वाळतो का? ओला सदरा अंगावर घालून किती सकाळी वर्गात बसला असेल हा माणूस! पुढे दम्याने जन्मभर छळलं. त्याचं कारण सदरा असं मी म्हणत नाही, पण माझ्या मनात ते दोन्ही जोडलेलं आहे खरं.

आणि घरी काय कळवायचं म्हणाल तर परीक्षा जवळ आल्यावर आईला पत्र: तुझा मुलगा आता मोठ्या पगाराची नोकरी करील अशी आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ लोकांसाठी देणार आहे. आपण असं काही घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं तर काय होईल?

शून्य_मार्क

मामा लगेच फोन करेल.

रेवाक्का

खूप छान विषय. माझ्या आजोबांनी १९३०-३५ च्या सुमारास पुण्यात वार लावून (रोज एका ठरलेल्या घरी जेवून) शिक्षण केलं. तुमच्या काळाहून पन्नास वर्षं पुढचं, पण पद्धत तीच. सात वार, सात घरं. आजोबा सांगायचे, नवीन मुलगा आला की जुनी मुलं त्याला घरांची जंत्री द्यायची. मंगळवारच्या घरी आमटी दाट, बुधवारच्या घरी ताकात पाणी. आजोबांना सोमवारचं घर मिळालं होतं, आणि ते अख्खं घर सोमवारचा उपास करायचं! दिवसा काही नाही, रात्री घरच्यांनी उपास सोडला की ह्यांचं पान. श्रावणात तर सोमवारी कॉलेजात भोवळ यायची म्हणत.

एक गोष्ट ते हसत सांगायचे नाहीत. वाढणारी बाई "अजून घे" म्हणाली की मनापासून म्हणाली की रीत म्हणून, हे ओळखायला पहिले सहा महिने गेले. तोवर दोन्हीकडे चूक व्हायची. नको म्हणावं तर उपाशी, हो म्हणावं तर दुसऱ्या दिवशी मोलकरणीच्या तोंडून कळायचं की घरच्यांना भात पुरला नाही.

मोडीवेडा

वाचतोय. @गुहागरी_वारा, पानाचा नीट फोटो टाका ना. सालाचा तुकडा फाटलाय म्हणता, तिथे एकही अक्षर नाही? जमाखर्चात बहुतेक वेळा संवत्सराचं नाव घालतात.

काळीमाती

सगळं वाचून डोळे पाणावले वगैरे ठीक आहे. पण एक विचारतो. हा वार, ही माधुकरी कुणाला मिळायची? 'भवति भिक्षां देहि' म्हणून दारात उभं राहिलं की ओंजळभर भात पडायचा, तो मुंजीनंतरच्या ब्राह्मणाच्या मुलाला. कुणब्याच्या, माळ्याच्या पोराने शनिवार पेठेत जाऊन झोळी पुढे केली असती तर? ते पोर गरीब होतंच, शिवाय त्याला सातातलं एकही घर नव्हतं. १९ ऑक्टोबर १८८२ ला जोतीरावांनी हंटर कमिशनपुढे (सरकारच्या शिक्षण आयोगापुढे) निवेदन दिलं, त्यात हेच आहे. सारा भरतो शेतकरी, आणि त्या पैशावर वरचं शिक्षण घेतात वरच्या जातीचे. आधी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं ते मागत होते. तुमच्या गोष्टीतली गरिबी मी खोटी म्हणत नाही. तिला मागच्या दाराने आधार होता, एवढंच.

पेठेतला

@काळीमाती, मुद्दा मान्य, पण 'मागच्या दाराने' नको. माधुकरी मागणाऱ्याला समोरच्याच दारात, भर बारा वाजता, पंचा नेसून उभं राहावं लागे. त्याची लाजही होती.

काळीमाती

लाज होती, भातही होता. आमच्याकडे नुसती लाज होती.

रेवाक्का

@काळीमाती, खरं आहे. आजोबांच्या वर्गात एक मुलगा होता, तो दुपारी फक्त शेंगदाणे खायचा. तो कुठे जेवतो हे चार वर्षांत कुणी विचारलं नाही, असं आजोबा शेवटी शेवटी म्हणायचे. मी ते मघाशी लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

काळीमाती

अक्का, राग तुमच्यावर नव्हता हो. भर घालतो. गंगारामभाऊ म्हस्के यांनी डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशन काढून बहुजन मुलांना शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या, ती मोठी गोष्ट. जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे १८९० च्या दशकात फर्ग्युसनला शिकले, पुढे १९०१ ला ऑक्सफर्डला गेले. शाहू महाराजांची वसतिगृहं १९०१ पासून पुढे. म्हणजे ज्या शतकाबद्दल हा धागा आहे, ते आमच्यासाठी जवळजवळ संपल्यावर दार उघडलं.

निशिगंधा७

आणि मुलींसाठी? धाग्यात अजून एकही बाई शिकलेली नाही, नुसत्या वाढतायत.

फिलीकर

@निशिगंधा७, मी तेच लिहायला आले. मी फिलाडेल्फियात बावीस वर्षं आहे. आनंदीबाई जोशी इथे शिकल्या. एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. वय १८. एकट्या, म्हणजे नवऱ्याशिवाय. आधी न्यूजर्सीत रोझेलला कार्पेंटरबाईंकडे राहिल्या, मग कॉलेज. घर सोडून शिकणं म्हणजे काय याची याहून टोकाची गोष्ट मला माहीत नाही. पुण्याच्या मुलाला निदान डाळभात ओळखीचा होता. ह्या शाकाहारी, नऊवारी नेसून, स्वतःचं स्वतः रांधणाऱ्या, आणि खोलीतली शेगडी धूर सोडणारी. इथला जानेवारी मला हीटर लावून, दोन मोजे घालून नकोसा होतो.

११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाल्या, समारंभाला पंडिता रमाबाई आल्या होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. वर्षसुद्धा झालं नाही.

मी इथे आले तेव्हा पहिल्या आठवड्यात आईला फोनवर सांगितलं, सगळं छान आहे. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. त्यांना तर पत्र पोचायलाच महिना-दीड महिना. रडून झाल्यावर लिहिलेलं पत्र पोचेपर्यंत आपण कशासाठी रडलो तेही विसरायला होत असेल.

निशिगंधा७

🙏

कोकणी_फणस

आता आमच्या बाजूचं थोडं. @गुहागरी_वारा, तुमचे थोरले आबा कार्तिकात पुण्यात काय करत होते? दिवाळीला घरी का गेले नाहीत?

तेव्हा कोकणातून पुण्याला दोन वाटा. एक, आगबोटीने मुंबई आणि तिथून रेल्वे; बोरघाटाची चढण १८६३ ला पुरी झाली होती, त्यामुळे गाडी थेट पुण्यापर्यंत. दुसरी, पायी घाट चढून. पावसाळ्यात आगबोटी बंद. म्हणजे जूनला निघालेलं पोर पाऊस संपेपर्यंत अडकलं. आणि पायी म्हणजे खरंच पायी. मुरुडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी कुंभार्ली घाट चढून साताऱ्याला चालत गेले, शंभर मैलांच्या वर. तिथे साहेबाने बघितलं आणि म्हणाला, वय कमी दिसतंय, बसता येणार नाही. आले तसे परत! त्यांनी पुढे मुंबईत शिकवण्या करून शिक्षण केलं, १८८४ ला एल्फिन्स्टनमधून बी. ए.

आमच्या गावात अजून म्हण आहे, एखादं काम फुकट गेलं की 'साताऱ्याला जाऊन आलास काय?' (ही मीच आत्ता काढली, पण चालवा.)

शून्य_मार्क

फणस, तुझी म्हण आजपासून आमच्या ऑफिसात लागू.

बंडगार्डन

मी रोज डेक्कन कॉलेजवरून जातो. त्या आवारात टिळकांची खोली अजून जपून ठेवली आहे, जाऊन बघा. तिथली इमारत १८६८ ची, जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून झालेली. कॉलेजचं मूळ म्हणजे १८२१ ची विश्रामबागवाड्यातली संस्कृत पाठशाळा. ती गावात होती, हे येरवड्याला, नदीपलीकडे.

यावरून मला पानातलं एक कोडं सुटल्यासारखं वाटतंय. एका महिन्यात वहाणा दोनदा शिवल्या! वसतिगृहात राहणाऱ्याच्या वहाणा एवढ्या झिजतील कशाला? खानावळ गावात, मुक्काम गावात, आणि रोज चालत बंडावरून येरवडा. शनिवारवाड्यापासून सहाएक किलोमीटर. जाऊन-येऊन बारा. गेल्या रविवारी मुद्दाम चाललो. परतताना गुंजन टॉकीजच्या चौकात रिक्षा केली, खोटं कशाला बोलू.

मोडीवेडा

@बंडगार्डन, वाहवा! याला म्हणतात वाचन.

गुहागरी_वारा

मंडळी, फोटो टाकलाय. फाटलेल्या कडेला '...भानु नाम सं...' एवढं दिसतंय. काही उपयोग?

टपालहंशील

उपयोग? अहो, पेढे वाटा! 'भानू'वर संपणारी संवत्सरं दोनच, चित्रभानू आणि सुभानू, लागोपाठची. त्या काळात चित्रभानू म्हणजे शके १८०४, सुभानू शके १८०५. कार्तिक, म्हणजे १८८२ चा नोव्हेंबर किंवा १८८३ चा.

पेठेतला

म्हणजे टिळक पार बाहेर. १ जानेवारी १८८० ला न्यू इंग्लिश स्कूल उघडलं, तेव्हापासून ते वर्गात बसत नव्हते, शिकवत होते. आणि १८८२ मध्ये तर कोल्हापूर प्रकरणात (अब्रुनुकसानीच्या खटल्यात) टिळक-आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते, ऑक्टोबरअखेर सुटले. @गुहागरी_वारा, 'शेजारी बसायचे' याऐवजी 'सुटून आले तेव्हा बघायला गेले होते' असं आईला सांगा. अगदीच अशक्य नाही ते.

निशिगंधा७

पण हंटर कमिशन १८८२, आनंदीबाई १८८३, आणि हे पानही त्यातलंच! ठरवून केल्यासारखं.

अतिशहाणा

एवढी मुलं कॉलेजात होती कुठे, असं वाटत असेल तर: मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या मॅट्रिकला १८५९ मध्ये १३२ बसले, २२ पास. १८६२ ला पहिले बी. ए. झाले चार. रानडे, भांडारकर, वागळे, मोडक. रानडे कोल्हापूरहून आलेले, भांडारकर मालवणचे. रानड्यांनी निबंधात मराठी राज्याची इंग्रजांच्या राज्याशी तुलना करून मराठ्यांना झुकतं माप दिलं, म्हणून प्रिन्सिपॉल ग्रँटसाहेबांनी शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. घरापासून दूर असलेल्याला सहा महिने शिष्यवृत्ती नाही म्हणजे काय, ते खानावळवाल्याला विचारा. वीस वर्षांनी आकडे वाढले, तरी तुमचे थोरले आबा मूठभरांतलेच.

गुहागरी_वारा

@अतिशहाणा, हे आईला सांगण्यासारखं आहे. धन्यवाद.

बरं, साडेचार रुपये खानावळ म्हणजे महाग की स्वस्त?

पेठेतला

ताडून बघायला एक आकडा आहे. साधारण त्याच काळात गोपाळ कृष्ण गोखले कोल्हापूरला शिकत होते. थोरला भाऊ गोविंदराव, पगार १५ रुपये. त्यातले ८ धाकट्याला. भावाने ७ रुपयांत आपला संसार ओढला. गोखल्यांची गोष्ट सांगतात की मित्राने नाटकाला नेलं, आणि नंतर तिकिटाचे दोन आणे मागितले. फुकट नेतोय असं समजून गेले होते बिचारे. मग दिव्याचं तेल वाचवायला रस्त्यावरच्या कंदिलाखाली अभ्यास. म्हणजे दोन आण्यांचं भोक बुजवायला डोळे खर्ची. या हिशोबात तुमच्या आबांचे साडेचार म्हणजे ताटाला तूप असावं.

रेवाक्का

मला मघापासून दुसरंच दिसतंय. 'ओवाळणी ४ आणे'. कार्तिक शुद्ध द्वितीया, भाऊबीज. मुलगा घरी गेलेला नाही. मग ओवाळलं कुणी? खानावळवाल्या काकूंच्या मुलीने? शेजारच्या बिऱ्हाडातल्या? घरी बहीण होती का हो त्यांना?

गुहागरी_वारा

अक्का, होती. धाकटी. आईला विचारलं आत्ता फोनवर. ती म्हणाली, थोरल्या आबांची बहीण लहानपणीच गेली, सात-आठ वर्षांची असताना.

कोण होती ती पुण्यातली, आता कळणं शक्य नाही. पण चार आणे म्हणजे सोळा कार्डांचे पैसे.

फिलीकर

😢

मोडीवेडा

फोटो झूम करून दोन तास बसलोय, ऑफिसचं काम बाजूला ठेवून. आतेभावाला सांगा, वाचन चांगलं आहे, एक ओळ सोडून.

मोडी लिहिताना आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि अक्षरं त्या रेघेला टांगतात. 'पुस्तक ४ आणे' या ओळीत ती रेघ एका ठिकाणी दुहेरी आहे. तिथे शाई जाड, आणि कागद खरवडलेला. चाकूने खरवडून वर पुन्हा लिहिलंय. शेवटचा 'क' मूळचाच आहे, त्याला हात लावलेला नाही. त्याच्या आधी 'पुस्त'च्या खाली दोन अक्षरं पुसट दिसतात. पहिलं 'ना' आहे याची मला खात्री. दुसरं 'ट'.

शून्य_मार्क

नाटक!!!!

निशिगंधा७

थोरले आबा 😂😂😂

पेठेतला

थांबा थांबा. नोव्हेंबर १८८२ मध्येच पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या सौभद्राचा पहिला प्रयोग झाला. कार्तिक! चित्रभानू असेल तर…

टपालहंशील

@पेठेतला, आणि सुभानू असेल तर नाही. शिवाय पानात नाटकाचं नावही नाही. टिळकांच्या शेजारून उठवून तुम्ही त्यांना लगेच सौभद्राच्या पहिल्या रांगेत बसवू नका.

पेठेतला

पहिल्या नाही हो, चार आण्यांच्या.

काळीमाती

वही दिवाळीनंतर घरी वडिलांना दाखवायची असणार. म्हणून खरवडलं. हे मात्र आमच्यातही सारखंच. मी १९९४ ला पुण्यात होस्टेलवर होतो, 'झेरॉक्स' या नावाखाली किती पिक्चर पाहिले त्याला गणती नाही.

रेवाक्का

ओवाळणी खरवडली नाही बघा.

गुहागरी_वारा

सगळ्यांचे आभार. आईला सगळं सांगितलं. टिळकांचं ऐकून गप्प बसली. नाटकाचं सांगितलं तर हसत सुटली, म्हणाली, तरीच तुझे आजोबा भावगीतांचे कार्यक्रम चोरून ऐकायचे. वही आता प्लास्टिकच्या पिशवीतून काढून सुती कापडात बांधली आहे. @मोडीवेडा, उरलेली बारा पानं आहेत. स्कॅन करून पाठवू का?

मोडीवेडा

विचारता काय! आज रात्रीच. आणि पुढच्या पानांत एखादं 'पुस्तक' आलं तर ते मी आधी उन्हाकडे धरून बघायला सांगणार आहे.

शून्य_मार्क

पण वडिलांनी विचारलं असेल ना, "चार आण्यांचं पुस्तक आणलंस, दाखव बघू"?